आचाऱ्याचं पथ्य

लग्नाच्या पंगतीत मी जाऊन बसले की आजूबाजूची माणसं जरा आखडतात. वाढपी बुंदी घेऊन आला की आधी माझ्याकडे पाहतात, मग "थोडीशीच" म्हणतात. मी पाणी प्यायला पेला उचलला की तेवढ्यात त्यांच्या पानात दुसरा डाव पडून जातो. नोकरी संपून तीन वर्षं झाली, पण नागभीडकडच्या गावांमध्ये माझी ओळख अजून 'भात बंद करणारी बाई' अशीच आहे. नवी सून हळूच विचारते, ह्या कोण? सासू तितक्याच हळू सांगते, भात बंद करतेत थ्या. जशी काही मी दारूबंदी खात्यात होते.

खरं तर मी ग्रामीण रुग्णालयात आहार सल्लागार होते. हे पद नेमकं कशासाठी असतं, ते आमच्या शिपायालाही शेवटपर्यंत उमगलं नाही. माझ्या खोलीत वजनकाटा होता, त्यामुळे निम्मी माणसं फक्त वजन करून निघून जायची. काम मात्र साधं होतं. डॉक्टर गोळी लिहून देतात. त्या गोळीबरोबर काय खायचं, किती आणि केव्हा, हे मी सांगायचं. बीपीवाले यायचे, किडनीवाले यायचे, पण सगळ्यात जास्त शुगरवाले. गोड खाल्ल्यानेच शुगर होते अशी लोकांची पक्की समजूत. "मी तं चाय बी बिनसाखरेचा पितो," असं छाती पुढे काढून सांगणारा माणूस दोन्ही वेळा थाळीभर भात खात असायचा. त्या भाताचीही पोटात जाऊन साखरच होते, असं मी सांगितलं की तो असा बघायचा, जणू मी त्याच्या घरातल्या माणसाबद्दल वाईट बोलले.

माझं माहेर वरोऱ्याकडचं, कापसाच्या आणि ज्वारीच्या भागातलं. आमच्याकडे भात म्हणजे जेवणाच्या शेवटी ताकाबरोबर दोन घास. नोकरी लागली ती धानाच्या मुलखात. इथला माणूस चार पोळ्या खाऊन उठला तरी म्हणणार, आज जेवलोच नाही. मी तेव्हा पंचविशीतली, अंगात कॉलेजचं वारं आणि हातात छापील तक्ता. तो तक्ता कुठल्याशा मोठ्या शहरात तयार झालेला. सकाळी ओट्स, अकरा वाजता सफरचंद, पाच वाजता दोन बिस्किटं. ओट्स म्हणजे काय असं लोक विचारायचे, आणि खरं सांगायचं तर ते मीही पुस्तकातच पाहिले होते.

पण आवाज चढा होता. लोक ऐकत नाहीत म्हणून मी आणखी चढवला. भात म्हणजे जहर, असं मी बोलायला लागले. ऐकणारा दचकायचा, आणि मला वाटायचं, काम झालं.

ते खरंच मनावर घेतलं एकाच बाईने. तिचं नाव गिरजाबाई. साठीची, एकटी राहणारी, धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, मजुरीने जाणारी. दर महिन्याला न चुकता यायची, मान हलवून सगळं ऐकायची. मी इतरांना तिचं उदाहरण द्यायचे. एका पावसाळ्यात, रोवण्याच्या दिवसांत, बायकांनी तिला बैलगाडीत घालून आणलं. बांधीत, धानाच्या चिखलाने भरलेल्या खाचरात, ती तोंडावर पडली होती. बाजूच्या बायकांनी ओढून काढलं म्हणून वाचली. तिने भात पूर्ण सोडला होता, त्याच्या जागी काही घेतलं नव्हतं, आणि शुगरची गोळी मात्र वेळेवर घेत होती. रिकाम्या पोटी गोळी घेऊन दिवसभर वाकून काम केलं तर साखर इतकी खाली जाते की माणूस बेशुद्ध होतो. सलाइन चढल्यावर तिने डोळे उघडले आणि मला पाहून माफी मागितल्यासारखी म्हणाली, "तुमीच सांगतलं होतं ना बाई, भात जहर आहे म्हून."

ती बरी झाली, घरी गेली, पण माझ्या खोलीत पुन्हा आली नाही. तो शब्द मी त्या दिवशी टाकला. चढा आवाज मात्र लगेच गेला नाही. तो उतरवला उद्धवभाऊंनी, त्याला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

उद्धवभाऊ आमच्या भागातले नामी आचारी. आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांत लग्नाची तारीख ठरवताना आधी मुलीच्या मामाला विचारायचे आणि मग उद्धवभाऊंना. त्यांची आलू-वांग्याची भाजी खाऊन भांडायला आलेले व्याही गप्प बसलेले मी पाहिले आहेत. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, खांद्यावर कायम पंचा. शुगर तीनशेच्या वर निघाली म्हणून डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

त्यांनी तक्ता हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. तोवर मी ओट्स आणि सफरचंद खोडून तिथे मुंगण्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा आणि जांभळं लिहिली होती, पण दुपारच्या रकान्यात 'उकडलेला दुधी' तसाच होता. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "बाई, हे तुमी सोता रांधून खाल्लं आहे का कधी?"

मी म्हटलं, मला शुगर नाही.

"म्हूनच," ते म्हणाले. "मौतीच्या घरी बी आमी याच्यापरीस बरं जेवण नेतो."

मी हसले नाही. माझ्या कामाची कुणी थट्टा केलेली मला चालायची नाही. त्यांना मी चांगलं अर्धा तास सुनावलं आणि त्यांच्या बायकोला बोलावून घ्यायला सांगितलं.

बायको पार्बताबाई. बारीक, काटक, कमी बोलणारी. मी सांगितलेलं तिने सगळं लक्षात ठेवलं आणि घरी गेल्यावर ते नियम एखाद्या फौजदारासारखे लागू केले. मी तेल कमी सांगितलं होतं, तिने बंद केलं. मीठ मी बेताने सांगितलं होतं, तेही तिने काढून घेतलं. उद्धवभाऊंना रोज दुपारी उकडलेला दुधी मिळू लागला. ते निमूट खायचे. पार्बताबाई खूश, मी खूश. शुगर काही उतरत नव्हती.

कारण उघड होतं. लग्नाचा हंगाम चालू होता आणि आचाऱ्याला चव पाहावी लागते. चव पाहणं म्हणजे बोटावर थेंब घेणं, अशी माझी कल्पना होती. उद्धवभाऊंची चव पाहण्याची पद्धत वेगळी होती. ती माझ्या डोळ्यांनी पाहायचा योग आमच्या कंपाउंडरच्या मुलीच्या लग्नात आला. दुपारची वेळ, मांडवात मंगलाष्टकं चालू. मी अक्षता टाकून सरळ मागच्या बाजूला भट्टीकडे गेले. उद्धवभाऊ द्रोणात बुंदी घेऊन उभ्याउभ्या चव पाहत होते. शेजारी दुसरा द्रोण रिकामा पडलेला.

मला पाहून त्यांनी द्रोण लपवला नाही. एवढंच म्हणाले, "पाक पाहून राह्यलो बाई."

मग मी सुरुवात केली. डोळे जातात, किडनी जाते, बायको तिकडे तुमच्यासाठी दुधी उकडते आहे आणि तुम्ही इकडे पाक पाहताय. ते मान खाली घालून, चुलीतली लाकडं मागेपुढे करत, अधूनमधून हो म्हणत होते. मला भाजल्याचा वास आला. आधी वाटलं कढईतलं काही लागलं. मग खाली पाहिलं. भट्टीतून निखारा घरंगळून आला होता आणि उद्धवभाऊ अनवाणी, डाव्या पायाच्या चवड्याने त्याच्यावर उभे होते. तसेच उभे होते. माझं बोलणं संपायची वाट पाहत.

मी ओरडून त्यांना मागे ओढलं. त्यांनी पाय उचलून पाहिला आणि आश्चर्याने म्हणाले, "अरे, मले तं समजलंच नाई."

शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. हे मी शेकडो लोकांना सांगितलं होतं. पाय रोज पाहा, अनवाणी फिरू नका, हे माझं पाठ वाक्य होतं. उद्धवभाऊंना मी ते सांगितलं होतं का, हे मला आजही नक्की आठवत नाही. दुधीबद्दल सांगितलं होतं हे आठवतं.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी जखम पाहिली. करंगळी वाचणार नाही असं त्यांनी सांगितलं, आणि ती काढावी लागली. बाकीचा पाय वाचेल की नाही, ते साखर ताब्यात येते का यावर होतं. इन्सुलिन सुरू झालं. रोज ड्रेसिंग, पायावर भार द्यायचा नाही, आणि खाणं काटेकोर. मधे साखर वर गेली, जखम चिघळली, तर घोट्यापासून कापावं लागेल, असं त्यांनी पार्बताबाईंसमोर स्पष्ट सांगितलं.

त्या आठवड्यात मी त्यांच्या गावी गेले. तोवर मी कुणाच्या घरी जाऊन स्वयंपाकघर पाहिलेलं नव्हतं. लोकांनी काय खावं हे मी वर्षानुवर्षं खोलीत बसून सांगितलं होतं.

घरात दोघांचं बोलणं बंद होतं. उद्धवभाऊ पडवीत बाजेवर, पाय उशीवर. समोर दुधीची थाळी, हात न लावलेली. पार्बताबाई चुलीपाशी पाठ करून बसलेल्या. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, तीन दिवसांपासून दुपारची थाळी अशीच परत जाते. इन्सुलिन घेऊन न जेवण्याचा अर्थ मला गिरजाबाईंनी शिकवला होता. आधी त्यांना गुळाचा खडा आणि वरण-भात खायला लावला, तेव्हा कुठे मला बसवलं. भात बंद करणारी बाई स्वतःच्या हाताने भात भरवून राहिली आहे, हे पाहायला शेजारच्या दोघीजणी आल्या होत्या.

मग मी पार्बताबाईंना विचारलं, तक्त्यातला एक वाटी भात कोणत्या वाटीने मोजता? त्यांनी वाटी आणून दाखवली. कढीसाठी असते ती. त्यात माझ्या तीन वाट्या सहज बसल्या असत्या. पार्बताबाईंनी मीठ बंद केलं होतं, तेल बंद केलं होतं, आणि भात मात्र तिप्पट दिला होता. चूक त्यांची नव्हती. तक्त्यावर वाटी लिहिली होती, वाटीचं चित्र नव्हतं.

उद्धवभाऊ बाजेवरून म्हणाले, निदान त्या दुधीला लसणाची फोडणी तरी दे म्हणावं हिला. पार्बताबाईंनी मागे वळून पाहिलं. त्या फार बोलत नसत, त्या दिवशी बोलल्या. "तीस वरसं लोकाईच्या लगनात रांधलं. घरी एक दिवस चूल नाई पेटवली. आता बाजेवर पडून मले फोडणी शिकवून राह्यले."

मग उद्धवभाऊंनी मला विचारलं, बसल्याबसल्या रांधलं तर पायावर भार येते का? मी म्हटलं, पाय वर ठेवून, चुलीपासून लांब ठेवून, आणि पायात काहीतरी घालून असेल तर नाही येत.

असं ते सुरू झालं. मी आठवड्यातून एकदा जायचे. चुलीपाशी पाटावर उद्धवभाऊ, डावा पाय स्टुलावर, स्टुलाच्या आणि चुलीच्या मधे आडवी फळी. पार्बताबाई चिरून-निवडून देणार, मी मोजणार. मी त्यांना एवढंच सांगितलं, की अर्धी थाळी भाजीची, पाव थाळी डाळीची नाहीतर मासोळीची, उरलेल्या पावात भात किंवा भाकर, आणि दिवसाला दोघांत मिळून एवढंच तेल. तेलाची छोटी शिशी भरून दिली. उद्धवभाऊंनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, एवढं तं माह्या लगनातल्या कढईले चिकटून रायते.

पण माणूस कसबी होता. पाचशे माणसांच्या स्वयंपाकात दडलेलं कसब दोन माणसांच्या स्वयंपाकात उघडं पडलं. कांदा आणि लसूण त्यांनी तेलात परतायच्या ऐवजी निखाऱ्यात भाजला आणि तीळ, जवस घालून पाट्यावर वाटला. भाजीवर झाकण ठेवून झाकणावर पाणी ठेवलं, वाफेवर शिजवली. रानातली काटवलं, कर्टोलीच ती, आली तेव्हा ती नुसती मीठ-हळद लावून तव्यावर, थेंबभर तेलात. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, ते आंबट ताकात. बोडीतल्या, गावच्या लहान तळ्यातल्या, बारीक मासोळ्या आंबाडीत. तुरीचं वरण त्यांनी इतकं घट्ट केलं की ते भातात मुरायचं नाही, भाताच्या बाजूला भाजीसारखं बसायचं, आणि भात आपोआप कमी लागायचा. ही युक्ती माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हती.

मीही एकदा माझं कौशल्य दाखवायला गेले. ज्वारीचं पीठ घेऊन गेले, म्हटलं, आता बघा भाकर. वर्षानुवर्षं डब्याचं जेवण खाऊन हात गेला होता हे मी विसरले होते. तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन तुकडे झाले. उद्धवभाऊंनी ते तुकडे नीट जोडून पाहिले. "वरोऱ्याच्या बाईची भाकर," ते पार्बताबाईंना म्हणाले, "जिल्ह्याचा नकाशा दिसून राह्यला." पार्बताबाईंनी पदर तोंडाला लावला. घटना एवढीच, पण त्या दिवसानंतर मला त्या घरात कुणी पाहुणी मानलं नाही.

उकडलेल्या दुधीचंही त्यांनी काही केलं. किसून, बेसन लावून, वाफवून वड्या केल्या आणि वरून मोहरीची फोडणी. मी दोन खाल्ल्या, आणि घरी येऊन तक्त्यातला दुधी कायमचा बदलला.

सगळं सरळ गेलं असं नाही. एक महिना जखम भरत गेली, मग पुन्हा ओली झाली. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. मी पार्बताबाईंकडे पाहिलं, पार्बताबाईंनी उद्धवभाऊंकडे. त्यांनी कबूल केलं, की भाच्याच्या साखरपुड्याचा पेढा आला होता. किती खाल्ले, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या दिवशी सुनावायची संधी आयती होती. मी तोंड उघडलं आणि मला त्या भट्टीचा वास आठवला. मी एवढंच विचारलं, की पाय आज पाहिला का तळव्याकडून? पार्बताबाईंनी भिंतीवरचा आरसा काढून आणला आणि त्या पायाखाली धरून बसल्या.

पाच महिने लागले. पाय वाचला. उद्धवभाऊ जाड तळव्याचे बूट घालून चालायला लागले, आणि पुढच्या हंगामाची बोलावणी यायला लागली. आता प्रश्न चवीचा होता. चव न पाहता आचारी रांधणार कसा? मी म्हटलं, चमचाभर चाखा आणि थुंका. ते म्हणाले, अन्न थुंकणाऱ्या आचाऱ्याला कोण बोलावणार? त्यांनी स्वतःच तोड काढली. पार्बताबाईंना सोबत न्यायचं आणि त्यांनी चाखायचं.

पहिल्याच लग्नात मी मुद्दाम भट्टीपाशी जाऊन उभी राहिले. आलू-वांग्याची भाजी तयार झाली. पार्बताबाईंनी द्रोणात घेऊन चाखली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, मीठ कमी आहे, मसाला करपला आहे.

उद्धवभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते म्हणाले, तीस वर्षांत कोणी माझ्या भाजीत खोड काढली नाही.

"तीस वरसांत मले कोणी इचारलंच नाई," पार्बताबाई म्हणाल्या, आणि वरणाच्या गंजाकडे वळल्या.

त्यांची भाजी त्यानंतर आणखी चांगली झाली असं लोक म्हणतात. मी तटस्थ नाही, म्हणून मत देत नाही. उद्धवभाऊंची शुगर आता ठीक असते, आंब्याच्या दिवसांत सोडून. तेव्हा ते तपासणीला येतच नाहीत, म्हणजे रिपोर्टही बिघडत नाही.

आता माझं सांगते. मागच्या वर्षी थकवा वाटत होता म्हणून रक्त तपासलं. शुगर निघाली. डॉक्टर माझ्यासमोरच नोकरीला लागलेले, तरुण, ते फार संकोचाने म्हणाले, मॅडम, तुम्हाला आहाराचं काय सांगायचं. मीही ऐटीत मान हलवली. घरी आले, माझाच तक्ता कपाटातून काढला, स्वयंपाकघरात लावला आणि त्याप्रमाणे चार दिवस जेवले. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी फरसाणाचा पुडा घेऊन खिडकीशी बसले होते, आणि बाहेरून कुणी पाहत नाही ना, म्हणून पडदा ओढला होता.

सहाव्या दिवशी मी उद्धवभाऊंना फोन केला. त्यांनी थट्टा केली असती तर मी ऐकून घेतली असती, तेवढी मी कमावली होती. त्यांनी थट्टा केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दोघं आली. पार्बताबाईंच्या पिशवीत मुंगण्याच्या शेंगा, जवस आणि पानात बांधलेली वाळलेली मासोळी. त्यांनी माझ्या ओट्यावरचे डबे उघडून पाहिले, फरसाणाचा पुडा बाजूला ठेवला आणि कांदे चिरायला घेतले.

उद्धवभाऊ खुर्ची ओढून बसले. बुटातले पाय नीट जुळवून ठेवले. मग म्हणाले, "बाई, तुमाले खायले काय आवडते, थे सांगा पयले."

मी एकतीस वर्षं नोकरी केली. हजारो माणसं माझ्या खोलीतल्या स्टुलावर बसून गेली. काय खाता, किती खाता, चोरून काय खाता, सगळं मी विचारलं. हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. गिरजाबाईंनाही नाही.

मी ओट्यावरच्या डब्यांकडे पाहत राहिले. पार्बताबाईंनी वर पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "सांगा आरामात. कांदे चिरून व्हाचे आहेत अजून."